काकांची टिपणं

टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे. ऑफिसात रुजू झाल्याच्या चौथ्या दिवशी तिने भर मीटिंगमध्ये टीमच्या प्रमुखांचीच एक बारीक चूक दाखवली आणि ते नाव तिला चिकटलं. अंगकाठीही तशीच असल्यामुळे शोभून गेलं. प्रमुखांना सगळे बाई म्हणत. बाईंनी चूक दुरुस्त केली, रागावल्या नाहीत, आणि सहा महिन्यांत किचकट म्हणावं असं प्रत्येक काम टाचणीच्या टेबलावर येऊ लागलं.

टीम सहा जणांची. ऑफिस चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. काम डायलिसिस केंद्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचं. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा, चार-चार तास यंत्राला जोडून बसावं लागतं. कोण, कोणत्या वारी, कोणत्या खुर्चीवर आणि कोणत्या यंत्रावर, हे त्यांचं सॉफ्टवेअर ठरवायचं. अशी चौतीस केंद्रं त्यांच्याकडे होती.

वर्षभरापूर्वी प्रत्येकाला एकेक एआय असिस्टंट मिळाला. तो प्रोग्राम लिहून द्यायचा, चुका शोधायचा आणि आपल्या माणसाबरोबर काम करता करता जे शिकेल ते स्वतःच टिपून ठेवायचा. अडचण एवढीच, की एकाने शिकवलेलं दुसऱ्याच्या असिस्टंटला ठाऊक नसायचं. केंद्राचा दिवस मध्यरात्री नाही, पहाटे पाचला बदलतो, हे टाचणीने सोमवारी आपल्या असिस्टंटच्या गळी उतरवलं. बुधवारी शेजारच्या टेबलावरचा मुलगा त्याच गोष्टीवरून आपल्या असिस्टंटशी अर्धा दिवस भांडत बसला. त्या मुलाला सगळे भिंगरी म्हणत, कारण तो एका जागी टिकत नसे.

"पालथ्या घड्यावर पाणी," तो वैतागून म्हणाला.

"आणि घडे सहा आहेत," टाचणी म्हणाली.

हे बाईंच्या कानावर पडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टाचणीला बोलावलं. "या सगळ्यांची मिळून एक वही कर. एकाने शिकलं की सगळ्यांना कळलं पाहिजे. तीन आठवडे घे."

काम टाचणीला मनापासून आवडलं. प्रत्येकाच्या असिस्टंटची टिपणं गोळा करायची, एकसारखी असतील ती जोडायची, आणि ती एका जागी ठेवायची. कोणताही असिस्टंट काम सुरू करण्याआधी ती वही वाचणार. तिने टेबलाटेबलावर जाऊन परवानगी विचारली. सगळे हो म्हणाले. काकाही हो म्हणाले.

काका टीममधले सर्वांत जुने. चौपन्न वर्षांचे, हाताने घडी घातलेल्या शर्टाच्या बाह्या, टेबलावर एकच पेन. हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा लिहिलं तेव्हापासूनचे. कुठली ओळ का लिहिली, कुणाच्या सांगण्यावरून लिहिली, हे त्यांना तोंडपाठ. दोन वर्षांपूर्वी पाठीच्या दुखण्याने तीन आठवडे रजेवर होते, तेव्हा टीमचं घोडं तीनदा अडलं होतं.

"घे, बाळ," ते टाचणीला म्हणाले होते. "माझ्या टिपणांत काय असणार? तेच जुनं लोणचं."

गोळा करणारा प्रोग्राम तिने एका मंगळवारी दुपारी चार वाजता पहिल्यांदा चालवला आणि जमलेलं सगळं वाचायला बसली. आधी करमणूकच झाली. भिंगरीच्या असिस्टंटने लिहून ठेवलं होतं, 'हे शेवटचंच, असं म्हणाले तरी अजून तीन-चार बदल येतात. लगेच आवरू नये.' बाईंच्या असिस्टंटने लिहिलं होतं, 'पहिल्या वाक्यात उत्तर हवं. कारणं मागितली तरच.' टाचणी एकटीच हसत होती. मग काकांची टिपणं आली.

'लांब उत्तर देऊ नये. एका वेळी एकच पायरी सांगावी, ती झाली का विचारावं, मगच पुढची. आकडे अक्षरांतही लिहावेत, सहा आणि नऊ यांची अदलाबदल होते. सकाळी आधी काल कुठे थांबलो ते सांगावं. तीच गोष्ट पुन्हा विचारली तर पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर द्यावं. मेंदूच्या झटक्यानंतर दुपारी तीननंतर वाचायला त्रास होतो. या आजाराचा उल्लेख टीमच्या कुठल्याही कागदात करू नये.'

तिने ते दोनदा वाचलं. काकांच्या टेबलाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तरी बघितलं. ते कॉम्प्युटरच्या पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन, एका ओळीवर बोट ठेवून बसले होते. हे बोट ती दोन वर्षं बघत होती. चष्म्याचा नंबर वाढला असेल असंच तिला वाटत आलं होतं.

तिने ती टिपणं वहीतून काढून टाकली. कुणी काही पाहिलं नव्हतं. ती घरी गेली, पण जेवताना तिचं लक्ष नव्हतं. सासरे तीस वर्षं टपालखात्यात पत्रं वाटत होते. तिने त्यांना विचारलं, "बाबा, दुसऱ्याचं काही वाचलं गेलं तर तुम्ही काय करायचात?"

"पोस्टकार्ड वाचलं जायचंच," ते म्हणाले. "तोंडावर दिसू द्यायचं नाही. तेवढंच आपल्या हातात."

तिला ते पटलं. निदान सोयीचं वाटलं. काकांना कळणारही नाही, मग त्यांना लाजवायचं कशाला?

बुधवारी ती ऑफिसात पोचली तेव्हा भिंगरी खुर्ची गरगर फिरवत होता. "माझ्या असिस्टंटला काय झालंय कोण जाणे," तो सगळ्यांना सांगत होता. "मी विचारलं, केंद्र नऊ का बंद पडलं? तर म्हणतो, आपण एकेक पायरी घेऊ. आधी नऊ, म्हणजे न-ऊ, नंबरचं केंद्र उघडा. उघडलं का? बालवाडीत बसवलंय मला."

"माझाही," पलीकडून आवाज आला. "काल आपण कुठे थांबलो होतो ते सांगू का, म्हणतो. इतका मायाळू कधी झाला हा?"

दोघं हसले. टाचणीच्या आत्ता लक्षात आलं. काल चार वाजता प्रोग्राम चालला त्याच क्षणी सगळ्या असिस्टंटनी वही वाचून घेतली होती. तिने नंतर वहीतली टिपणं पुसली, पण वाचलेलं त्यांच्याकडे राहिलंच. तिने घाईने आपला कॉम्प्युटर उघडला. तोवर काका उठून उभे राहिले होते. ते तिच्या टेबलाशी थांबले, हळू आवाजात म्हणाले, "जरा खाली येतेस?" आणि तिची वाट न बघता जिन्याकडे गेले.

जिन्याच्या मधल्या वळणावर चष्म्याच्या दुकानाची रिकामी खोकी रचलेली होती. काका एका हाताने कठडा धरून उभे राहिले.

"माझंच आहे ना ते?"

"हो."

"किती जणांनी वाचलं?"

"माणसांपैकी मी एकटीने. बाकीच्यांच्या असिस्टंटनी वाचलंय, पण ते असे का वागतायत हे कुणाला कळलेलं नाही. मी आत्ता काढते, काका. दहा मिनिटांत सगळीकडून जाईल."

"तू कधी वाचलंस?"

"काल."

"आणि कालच बोलली नाहीस."

"मला वाटलं गुपचूप काढून टाकावं. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"म्हणजे आता आपण दोघं लपवणारे झालो," काका म्हणाले. ते चिडलेले नव्हते, त्यामुळे तिला जास्तच लागलं. मग ते खोक्यांकडे बघत बोलू लागले. "पाठीचं दुखणं वगैरे काही नव्हतं. सकाळी दाढी करताना हातातून वस्तरा पडला. हात आला परत, बोलणं आलं. पण लांब काही वाचायला घेतलं की अर्थ हातातून निसटतो. जुनं सगळं आठवतं. कालचं नाही आठवत. तुझ्या काकूखेरीज कुणाला सांगितलं नाही, आणि या असिस्टंटला. कुणाला सांगू नकोस असं याला बजावलं होतं. त्याने तेही लिहून ठेवलं."

"तुम्ही आम्हाला सांगितलं असतंत तर..."

"तर तुम्ही सांभाळून घेतलं असतंत. माहीत आहे मला. माझ्या थोरल्या भावालाही त्याच्या ऑफिसने फार सांभाळून घेतलं. आधी अवघड काम देईनात, मग मीटिंगला बोलवायला विसरू लागले. शेवटी तो रोज डबा घेऊन जायचा आणि खाऊन परत यायचा." त्यांनी कठड्यावरचा हात सोडला. "माझं काही त्या वहीत नको. एक ओळसुद्धा."

टाचणीने शब्द पाळला. दहा मिनिटांत सगळे असिस्टंट पूर्ववत कोरडे झाले. भिंगरीने कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझी चूक झाली होती." ते खरंच होतं. मग ती बाईंकडे गेली आणि नाव न घेता म्हणाली, की टिपणांत माणसांच्या खाजगी गोष्टी येतात, तेव्हा माणसाविषयीचं टिपण त्याच्याच असिस्टंटपाशी राहील. वहीत फक्त कामाविषयीचं जाईल, तेही ज्याचं त्याने वाचून हो म्हटल्यावर.

"वेळ लागेल," बाई म्हणाल्या.

"लागेल."

बाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बरं. आणि काकांचं काय? वहीत त्यांचं नावच दिसत नाही."

"ते नाही म्हणाले."

"का?"

"ते त्यांनाच विचारा, बाई."

बाईंनी विचारलं नाही. वही सुरू झाली आणि उपयोगी पडली. पहाटे पाचला दिवस बदलतो हे आता सहाही असिस्टंटना माहीत होतं. त्याच त्या चुका थांबल्या. भिंगरीला रोज दुपारपर्यंत पाच-दहा टिपणं हो म्हणण्यासाठी यायची. पहिले चार दिवस त्याने ती वाचली. पाचव्या दिवसापासून सगळी एकदम निवडून 'हो'चं बटण दाबू लागला.

त्या टिपणांत एक ओळ होती, 'आर-टू हा रकाना वापरात नाही. सोडून द्यावा.' भिंगरी महिन्याच्या अहवालावर काम करत होता, आणि त्या अहवालापुरती ती ओळ खरी होती. वहीत जाताना 'अहवालापुरती' एवढंच गळलं.

तीन आठवड्यांनी खुर्च्या वाटण्याचा भाग नव्याने लिहायला घेतला. काम तिघांत वाटलं होतं. तिघांनीही आपापल्या असिस्टंटला विचारलं, आर-टूचं काय करायचं? तिन्हींनी एकच उत्तर दिलं. तिघांचं एकमत झाल्यावर शंका कुणाला येणार? रकाना काढला. नवा भाग आधी एकाच केंद्रात चालवून बघायचं ठरलं आणि मंगळवारी सकाळी तो तिथे सुरू झाला.

अकराच्या सुमारास त्या केंद्रातून फोन आला. टाचणीने उचलला. पलीकडे मोठ्या सिस्टर होत्या. ते केंद्र त्याच चालवत, आणि त्या सावकाश, एकेक शब्द मोजून बोलत.

"आमच्याकडे एक बाई आहेत, त्यांना रक्तातून पसरणारी कावीळ आहे. त्यांचं यंत्र वेगळ्या खोलीत असतं, म्हणजे दुसऱ्या कुणाला लागण होऊ नये. आज तुमच्या कॉम्प्युटरने त्यांना मोठ्या हॉलमध्ये, खिडकीजवळच्या खुर्चीवर टाकलंय."

टाचणी उभी राहिली. "बसवलं का त्यांना तिथे?"

"नाही. मी त्यांना अकरा वर्षं ओळखते. पण आज माझी रजा असती आणि नवी मुलगी असती, तर तिने पडद्यावर आहे तसं केलं असतं."

पाच मिनिटांत जुना भाग परत चालू झाला. पण असं कशामुळे झालं हे कुणाला कळेना. तिघांच्या असिस्टंटना पुन्हा विचारलं, तिघं पुन्हा तेच म्हणाले. भिंगरी कपाळाला हात लावून बसला. "तीन-तीन जण सांगतायत, आर-टू वापरात नाही म्हणून."

काकांनी खुर्ची वळवली. "कोण म्हणालं आर-टू वापरात नाही?"

भिंगरीने पडद्यावरच्या उत्तराकडे बोट दाखवलं.

"आर-टू म्हणजे रूम टू. दुसरी खोली," काका म्हणाले. "आपलं पहिलं केंद्र दोन खोल्यांचं होतं. काविळीचे पेशंट दुसऱ्या खोलीत. मीच नाव दिलं ते. मोठं नाव लिहायचा कंटाळा केला. पुढे केंद्रं वाढली, नाव तसंच राहिलं. खुर्च्या त्याच्यावरून वाटल्या जातात."

टाचणीने वही उघडली आणि ती ओळ शोधून काढली. एकच ओळ, एकाच माणसाची, एकाच दुपारची. तिन्ही असिस्टंटनी तीच वाचली होती आणि तीच परत सांगितली होती. एका तोंडाची बातमी तीन कानांवर पडली म्हणून ती तीन तोंडांची होत नाही, हे साधं गणित वही बांधताना तिच्या लक्षात आलं नव्हतं. ती हे मोठ्याने बोलली, कारण आता लपवायची तिची तयारी नव्हती.

"बटण मी दाबलं होतं," भिंगरी म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "न वाचता."

"तुझं टिपण चूक आहे हे ओळखणारा माणूस टीममध्ये होता," काका म्हणाले. "पण त्याने वहीकडे पाठ फिरवली होती. तेव्हा एकटा काय वाहून घेतोस?"

दुपारी ते आपणहून टाचणीच्या टेबलाशी आले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "लिहून घे. जे जे आठवतंय ते सगळं. पण आधी मला शुक्रवारच्या मीटिंगमध्ये दोन मिनिटं हवीत."

शुक्रवारी त्यांनी सांगितलं. बसूनच सांगितलं, टेबलावरच्या पेनाकडे बघत. वस्तरा पडला तिथपासून ते असिस्टंटला काय काय बजावलं होतं तिथपर्यंत. "त्या दिवशी तुमचे असिस्टंट मायाळू झाले होते ना, तो माझा प्रसाद होता," असं म्हणून त्यांनी हसायचा प्रयत्न केला, आणि तो अर्धाच जमला.

भिंगरी खाली बघत म्हणाला, "मी बालवाडी म्हणालो होतो."

"म्हणालास."

"खरं सांगू का, काका? त्या दिवशी माझं काम रोजच्यापेक्षा लवकर झालं होतं. एकेक पायरी करत गेलो म्हणून असेल. नंतर मी टाचणीला विचारणारही होतो की ते परत चालू करता येईल का. पण लाज वाटली."

आता काका खरोखर हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं शेजारी बसून मला कळलं नाही. त्याचं मला वाईट वाटतंय." मग नेहमीच्या आवाजात, "तीननंतर वाचायचं काम तुमच्याकडे येणार नाही. नवे प्रोग्राम तुम्ही एकट्याने लिहायचे नाहीत. मीटिंग मात्र एकही चुकवायची नाही."

"पहिलं मान्य," काका म्हणाले. "दुसरं नाही. छोटे प्रोग्राम मी लिहिणार. तुम्ही तपासा."

घासाघीस झाली आणि छोटे प्रोग्राम त्यांच्याकडे राहिले. पुढे दोन-तीनदा त्यांत ढोबळ चुका निघाल्या. एकदा तर काका स्वतःवरच इतके चिडले, की जेवायच्या सुट्टीत घरी निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी आले नाहीत. काकूंनी फोन करून टाचणीला सांगितलं, "येतील उद्या. तुम्ही फक्त नेहमीसारख्या वागा." तिने तसंच केलं, आणि आल्या आल्या त्यांच्यापुढे नवी दुरुस्ती ठेवली.

रोज सकाळी दहा ते बारा काका बोलत आणि टाचणी लिही. आता प्रत्येक टिपणाखाली कुणी सांगितलं, कधी, कोणत्या कामापुरतं आणि त्याला हे कसं माहीत, हे लिहावंच लागे. कितीही असिस्टंटनी तेच सांगितलं तरी वही मूळ माणूस एकच धरी. आणि पेशंटच्या जिवाशी संबंध असलेलं टिपण केंद्रातल्या माणसाला विचारल्याशिवाय पक्कं होत नसे. हा शेवटचा नियम काकांचा.

म्हणूनच एका गुरुवारी ती दोघं मोठ्या सिस्टरांच्या केंद्रात गेली. इतक्या वर्षांत टीममधल्या कुणीही डायलिसिसची खुर्ची डोळ्यांनी पाहिली नव्हती. हॉलमध्ये बारा खुर्च्या, बारा यंत्रं, आणि यंत्रांची एकसुरी घरघर. कुणी झोपलेलं, कुणी कानात गाणी लावून बसलेलं. सिस्टरांनी हॉल दाखवला आणि मग काचेच्या दाराची दुसरी खोली उघडली.

आत एकच यंत्र होतं. खुर्चीवर साठीच्या एक बाई होत्या. एक हात नळ्यांना जोडलेला, दुसऱ्या हाताने वर्तमानपत्राची घडी सांभाळत होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं.

"यंत्र दुरुस्त करायला आलात?"

"नाही," काका म्हणाले. "तुमची खुर्ची ठरवतो तो कॉम्प्युटर आमचा."

"मग मध्ये एकदा मला हॉलमध्ये टाकलं होतंत, ते तुम्हीच का?"

"हो. आमचीच चूक."

त्या पुन्हा वर्तमानपत्राकडे वळल्या. एका हाताने पान उलटायला त्यांना जमत नव्हतं. काकांनी पुढे होऊन ते उलटून दिलं.

"इथे एकटीला कंटाळा येतो," त्या म्हणाल्या. "पण माझ्यामुळे दुसऱ्या कुणाला व्हायला नको. तेवढं बघा म्हणजे झालं."

बाहेरच्या बाकावर टाचणीने संगणक मांडीवर घेतला आणि टिपण लिहिलं. आर-टू म्हणजे वेगळी खोली, तो रकाना कधीही काढायचा नाही, आणि का. सांगणारे म्हणून तिने काकांचं नाव घातलं. काकांनी ओळीखाली बोट ठेवून सगळं वाचलं. वेळ लागला. सिस्टर शेजारी उभ्या राहून थांबल्या.

"माझ्या नावापुढे यांचंही घाल," काका सिस्टरांकडे हात करून म्हणाले. "पकडलं यांनी."

टाचणीने घातलं. काकांनी पुन्हा एकदा वाचलं, आणि हो म्हणाले.